फाल्गुन-चैत्रात तलावावर बघण्यासारखं काय उरतं? पक्षी, काठावरची झाडं, सगळंच विचारतोय

काठावरचा

मंडळी नमस्कार. मी नेहमी जातो तो तलाव पठारावरचा आहे, जुना, सिंचनासाठी बांधलेला. एका अंगाला मातीचा बांध आणि त्याला दगडी पिचिंग (रचलेल्या दगडांचं अस्तर), दुसऱ्या अंगाला सपाट उथळ काठ, थोड्या बाभळी, पाणकणीस आणि मग शेतं. हिवाळाभर बदकांसाठी जायचो, थापट्या होते, तलवार बदकं होती, चक्रवाकाच्या जोड्या होत्या, एकदम भरलेला तलाव. आता फाल्गुन अर्धा सरला तर बदकं हळूहळू कमी होतायत आणि ओळखीतले सगळे म्हणतात सीझन संपला, कॅमेरा कपाटात टाका, आता नोव्हेंबरात भेटू.

पण मला तर तिथे आत्ताच जास्त गडबड दिसतेय, फक्त काय चाललंय ते नीट कळत नाहीये. म्हणजे बघा, तो मातकट रंगाचा बगळा असतो ना काठावर गप्प बसलेला, त्याच्यातल्या एकाची पाठ चक्क तपकिरी-लाल व्हायला लागलीय. संध्याकाळी पाणकणसात पक्ष्यांचा मोठ्ठा थवा उतरतो आणि एवढा कलकलाट करतो की बोललेलं ऐकू येत नाही. पाणी मागे हटलंय तिथे चिखलावर बारीक बारीक झाडांची चटई आलीय, जांभळी-पिवळी फुलं आहेत, नाव एकाचंही माहीत नाही. आणि रस्त्याच्या बाजूला ओळीने झाडं आहेत त्यांना एक पान नाही पण फांद्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरल्यात, येणारेजाणारे फोटो काढत थांबतात, ते आपलं देशी झाड आहे का?

थोडक्यात, या दिवसांत तलावावर जाण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर बघायचं कुठे आणि काय? तज्ज्ञ नाहीये मी, साध्या भाषेत सांगा.

दुर्बीणवाला

सल्ला देणारे चुकीचं सांगत नाहीयेत. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते ती उगाच नाही, तेव्हा आकडा सगळ्यात जास्त असतो. मार्चनंतर उजेड लवकर कडक होतो, दहा वाजले की पाण्यावर नुसती लकाकी आणि तापलेली हवा थरथरते, फोटो शार्प येतच नाही. फारच वाटलं तर भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर जा, रोहित असतात उन्हाळ्यातही, पाणी उतरलं की उथळ जागा मिळते त्यांना. बाकी छोट्या तलावांवर वारकरी पक्षी, टिबुकली, बगळे, हेच. बघा तुमचं तुम्ही.

चिखलपाय

दुर्बीणवाले, बदकांपुरतं आणि फोटोपुरतं तुमचं मान्य. पण गणनेचा आकडा म्हणजे तलाव नव्हे ना. बारा महिने तिथेच राहणारे जे आहेत त्यांचं खरं आयुष्य आत्ता सुरू होतं, पाहुणे जाताना घरचे कामाला लागतात तसं.

काठावरचा, तुम्हाला सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, नजर पाण्याच्या मध्यावर ठेवू नका, काठाच्या रेषेवर ठेवा. या दिवसांत कालव्याला पाणी सुटतं, ऊन वाढतं, पाणी रोज थोडं मागे जातं आणि दर आठवड्याला नवा ओला पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात अळ्या, गोगलगायी, किडे सगळं वरच्या वर असतं. तुतवार, शेकाटे, धोबी हे सगळे पक्षी त्या रेषेबरोबर सरकत जातात. पुढे चैत्रात पाणी अजून आटलं की खळग्यांमध्ये मासे अडकतात, मग चित्रबलाक, चमचा पक्षी, बगळे एकाच डबक्यावर गर्दी करतात, आणि मुग्धबलाक शिंपले-गोगलगायी शोधत चिखल तुडवत फिरतो. ही मजा जानेवारीत दिसत नाही कारण तेव्हा तलाव काठोकाठ असतो आणि पक्षी विखुरलेले असतात. म्हणून पिचिंगच्या बाजूला उभं राहण्यात काही हशील नाही, तिथे पाणी एकदम खोल, चिखलच नाही. सपाट बाजूला जा, सूर्य पाठीशी ठेवा, सकाळी साडेनऊच्या आत परत.

दुसरं, तो बगळा. तो वंचक, बरेच जण ढोकरी म्हणतात. हिवाळ्यात मातकट रेघारेघांचा असतो, विणीच्या दिवसांत पाठ गडद तपकिरी-लाल होते, डोक्यामागे लांब पिसं येतात. ऊन वाढेल तसा तो अजून गडद होत जाईल, आत्ता तर सुरुवात आहे. तसाच गायबगळा, डोकं-मान-पाठ नारिंगी व्हायला लागते. टिबुकलीची मान तांबूस होते आणि चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका येतो, तो दुर्बिणीतून बघाच. पिवळा धोबी पाहुणा असला तरी जायच्या आधी इथेच कपडे बदलतो, मार्चच्या शेवटी नर पिवळाजर्द दिसतो आणि नवखा माणूस त्याला वेगळाच पक्षी समजतो. आणि कमळपक्षी असेल तुमच्याकडे, लांब शेपटीवाला, तर त्याची शेपटी एप्रिल-मेमध्ये वाढताना बघायला मिळेल. त्याची वीण पावसाळ्यात, कमळाच्या-शिंगाड्याच्या पानांवर, आणि अंडी नर उबवतो, मादी एकापेक्षा जास्त नरांना अंडी घालून देते.

तिसरं, जाणारे. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, मार्चअखेर निघतात, तिबेट-मंगोलियाकडे, वाटेत हिमालय. त्यांच्या अंगावर यंत्रं लावून अभ्यास झालाय, त्यात ७००० मीटरच्या आसपास उंचीची नोंद आहे. गार्गेनी बदक मात्र आत्ता बघायचं, पांढऱ्या ठसठशीत भुवईचा नर. आणखी दक्षिणेला हिवाळा काढलेले थवे मार्च-एप्रिलमध्ये परत जाताना अशा छोट्या तलावांवर थांबतात, म्हणजे एका बाजूने बदकं जातायत असं वाटतं आणि एखाद्या सकाळी अचानक नवीनच थवा उतरलेला असतो. आपल्याकडे सगळे पहिला पक्षी कधी आला ते लिहितात, शेवटचा कधी गेला ते कुणी लिहीत नाही. ते लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकलंत तर कुणाच्या तरी कामाला येईल.

चौथं, संध्याकाळचा कलकलाट. न बघता सांगतो, जवळजवळ नक्की भोरड्या, पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, पिल्लं असतील तर मातकट. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून पावसाळ्याच्या शेवटी येतात, हिवाळाभर शेतांत टोळ, किडे, धान्य खातात आणि परत जायच्या आधी पळस-पांगारा-सावरीच्या फुलांवर तुटून पडतात. कपाळ परागाने पिवळं झालेली भोरडी दिसेल तुम्हाला. रात्रीला मात्र हजारोंनी एकत्र येऊन पाणकणसात नाहीतर बाभळीत झोपतात कारण खाली पाणी असलं की मांजर-मुंगूस चढत नाही. उतरायच्या आधी आकाशात वळणं घेतात ते बघायला सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा. दलदली भोवत्या किंवा शिक्रा घुसला की अख्खा थवा एका बाजूला दाबला जातो. एप्रिलच्या मध्यानंतर सहसा नसतात, त्यामुळे हे पुढच्या काही आठवड्यांतच उरका.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. टिटवीची अंडी आत्तापासून उघड्या जमिनीवर असतात. घरटं असं काही नाही, खळगा आणि चार खडे. अंडी सहसा चार, रंग आसपासच्या दगडांसारखाच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं आपण चुकीच्या ठिकाणी उभे आहोत, आल्या पावली मागे फिरायचं, अंडी शोधायला जायचं नाही. भर उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलाव्यावर अंडी गार ठेवते. तुम्ही फोटोसाठी वीस मिनिटं तिला उठवून ठेवलंत तर तेवढ्या वेळात ती अंडी तापतात, पिल्लू आतच मरू शकतं. शेकाट्याचंही तेच, एप्रिलपासून. वेडा राघू मातीच्या काठात बोगदा खणतो, त्याच्या तोंडासमोर उभे राहू नका, बिचारा चोचीत चतुर धरून तारेवर बसून राहतो तुम्ही जाईपर्यंत.

करंजपालवी

पक्ष्यांचं चिखलपाय यांनी लिहिलंच आहे, मी झाडांकडे वळते.

गुलाबी-पांढरी ओळ म्हणजे गिरीपुष्प, ग्लिरिसिडिया. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. सामाजिक वनीकरणात भरपूर लावलं गेलं कारण पटकन वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगतं. गावांत याला उंदीरमारी पण म्हणतात. दिसायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही, हिरवळीच्या खतासाठी शेतकरी वापरतात तोही उपयोग आहेच. पण सोशल मीडियावर दरवर्षी या दिवसांत 'आपल्याकडचा चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो फिरतात तेव्हा माझं डोकं फिरतं, पन्नास पावलांवर पळस पेटलेला असतो आणि त्याच्याकडे पाठ करून सेल्फी.

तर पळस बघा. पान एक नाही, नुसती केशरी फुलं, आणि एका झाडाखाली शांत उभं राहिलं तर शिंजीर, मैना, कोतवाल, बुलबुल, खारी, सगळा बाजार बघायला मिळतो. नर शिंजीर या दिवसांत पूर्ण निळा-जांभळा चमकतो. काटेसावर तळ्यापासून जरा लांब कोरड्या जागी असेल, लाल मांसल फुलं, खाली पडलेली फुलंसुद्धा प्राणी खातात. वावळ ओळखायला आत्ताच सोपी, निष्पर्ण फांद्यांवर फिकट हिरव्या चपट्या गोल फळांचे झुबके असतात आणि लांबून ती पालवीच वाटते. करंज काठाला असेलच, तो थोडे दिवस बोडका होतो आणि मग एकदम पोपटी चकचकीत पानं, फुलं त्यानंतर, खाली फिकट जांभळ्या पाकळ्यांचा सडा. मुळं काठ छान धरून ठेवतात त्याची. ओढा तलावाला मिळतो त्या कोपऱ्यात अर्जुन शोधा, पांढरट गुळगुळीत सालीचा, तो एप्रिल-मेमध्ये फुलतो. जांभूळही त्याच जागी असतो, त्याला मार्च-एप्रिलमध्ये बारीक पांढरट फुलं येतात आणि मधमाश्यांचा आवाज खालून ऐकू येतो. पाण्यात उभ्या असलेल्या देशी बाभळी कुणी तोडत असेल तर आधी भांडा, बगळ्यांना आणि पाणकावळ्यांना पुढे घरट्यांसाठी त्याच लागतात.

आता ती चिखलावरची चटई, माझी सगळ्यात आवडती. पाणी उतरलेल्या तळावर फक्त काही आठवड्यांसाठी उगवणारी झाडं असतात, बी वर्षभर गाळात पडून राहतं, पाणी हटलं की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पाऊस यायच्या आत संपायचं. जांभळे गोल गेंद आणि चुरडल्यावर उग्र वास असेल तर गोरखमुंडी. पिवळे गोल गेंद आणि जमिनीलगत कातरलेली पानं असतील तर माचीपत्री. बारीक पांढरी-जांभळट फुलं, मध्ये काळपट बोंडूक, आणि जमिनीवर सरपटत गेलेली वेल म्हणजे जलपिंपळी, तिच्यावर फुलपाखरं बघा, बारकी निळी आणि पॅन्सी जातीतली हमखास. अगदी पाण्याला लागून मांसल पानांची आणि फिकट जांभळ्या फुलांची नीरब्राह्मी असेल. जरा कोरड्या भागात त्रिपक्षी, राखट सुरकुतलेल्या पानांची, जमिनीला घट्ट चिकटलेली. सगळं गुडघ्यावर बसूनच बघायचं असतं, उभ्याने नुसतं गवत दिसतं. फोटो काढताना फूल, पान आणि देठ तिन्हीचे काढा, नुसत्या फुलावरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, आयनॅचरलिस्ट ॲपवर टाकलं तरी.

बांधावर रुई असेल, ती आपलीच, उपटू नका. तिच्या पानांमागे पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेली अळी मिळाली तर प्लेन टायगर फुलपाखराची.

नको असलेली यादी पण देते एका दमात. जलपर्णी, बेशरम, विलायती बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी, गाजर गवत. सगळी अमेरिका खंडांतून आलेली. पाणकणीस मात्र आपलंच आहे, त्याला शिव्या देऊ नका, पण सांडपाणी तलावात येत असेल तर तेच पाणकणीस एवढं माजतं की उथळ भाग गिळून टाकतं. म्हणजे दोष झाडाचा नाही, नाल्याचा.

काठावरचा

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, दोघांचेही आभार. काल संध्याकाळी जाऊन बसलो, भोरड्याच आहेत, गुलाबी अंग स्पष्ट दिसलं. आणि वावळही सापडली, चक्क रोजच्या वाटेवर.

दोन शंका. एक म्हणजे काठाला बेशरमची झुडपं पुष्कळ आहेत आणि त्यावर खंड्या बसतो, वंचक बसतो, मग ती काढावीत का ठेवावीत? जलपर्णीवरसुद्धा जांभळ्या पाणकोंबड्या आणि कांस्यपंखी कमळपक्षी मस्त फिरत असतात, त्यांना तर ती आवडते असं दिसतं. दुसरं, बातमी कळलीय की पुढच्या महिन्यात तलावातला गाळ काढणार आहेत, पोकलेन लावून. तेव्हा या सगळ्याचं काय होणार?

बांधावरून

राम राम. मी शेतकरी माणूस, पक्ष्यांचं मला तुमच्याएवढं समजत नाही पण तलाव रोजचाच. गाळ निघायलाच पाहिजे दादा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे, गाळ शेतकऱ्याने आपल्या रानात न्यायचा, हलक्या जमिनीला त्याने जीव येतो, आणि तलावात पाणी जास्त मावतं. गाळ नाही काढला तर काही वर्षांनी तलावच राहणार नाही, मग तुमचे बगळे बसतील कुठं? इथं शहरातली माणसं येऊन सांगतात हे नका करू ते नका करू, उन्हाळ्यात मोटार बंद पडते तेव्हा कुणी येत नाही.

बेशरम मात्र काढाच. जनावर खात नाही, खाल्लं तर आजारी पडतं, तोडून टाकली तर पडल्या जागी परत फुटते. मुळासकट काढून पाण्यापासून लांब वाळवायची.

चिखलपाय

बांधावरून, तुमच्याशी भांडण नाही माझं, गाळ काढायला माझाही विरोध नाही. तलाव माणसाने शेतीसाठी बांधलाय, पक्षी नंतर आले. पण कसा काढतात त्यावर सगळं आहे हो. कंत्राटदाराला सोपी जागा म्हणजे काठ, ट्रॅक्टर जवळ लागतो, म्हणून काठालाच दहा-बारा फुटांचे सरळ खड्डे पाडतात आणि उतार संपतो. उतार संपला की चिखलाचा पट्टा संपला, करंजपालवींनी सांगितलेली झाडं संपली, शेकाटे-तुतवार संपले, आणि गुरं पाण्यावर जातात तर तीही घसरतात, हे तुम्हीच मला सांगाल. शिवाय गाळ पण मधल्या खोलगट भागात आणि बांधाच्या बाजूला जास्त साठलेला असतो, तिथून काढला तर साठाही वाढतो. काठावर हार्ड मुरूम निघतो तो कुणाच्या रानात चालत नाही.

तर ग्रामपंचायतीत जाऊन एवढंच मागा. एक, ओढा मिळतो तो उथळ कोपरा सोडून द्या. दोन, काम सुरू करायच्या आदल्या दिवशी कुणीतरी जाणकार माणूस फिरून टिटवीच्या जागा बघेल, तेवढ्या तुकड्याला चार बांबू आणि दोरी, तिथून ट्रॅक्टरचा रस्ता वळवा. टिटवीची अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात, पिल्लं अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात चालायला लागतात, तुकडा मग मोकळाच आहे. तीन, मध्ये बेट असेल तर हात लावू नका. बेटाचं अजून एक असतं, पाणी फार उतरलं की बेट जमिनीला जोडलं जातं आणि कुत्री चालत जाऊन नदीसुरय पक्ष्यांची सगळी अंडी खातात. तिथे पोकलेनचा उपयोग करून घ्या, बेट आणि काठ यांच्या मधला पट्टा खोल करायला सांगा. गाळही निघाला, बेटही राहिलं.

जलपर्णीबद्दल, पाणकोंबडी तिच्यावर दिसते ते खरं आहे, कांस्यपंखीही. पण काठाला थोडी असणं वेगळं आणि अख्खा तलाव झाकणं वेगळं. चांगलं खतपाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, खाली उजेड जात नाही, आतली पाणवनस्पती मरते, ती मेली की वारकरी आणि बदकं काय खाणार? मासेही गुदमरतात. काढायचीच, पण पाणकोंबड्यांची घरटी पावसाळ्यात असतात म्हणून आत्ता उन्हाळ्यात, पाणी कमी असताना काढा, माणसंही कमी लागतात.

मामातलाव

मी भंडारा-गोंदिया पट्ट्यातून लिहितोय. आमच्या इकडे माजी मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात, शेकड्यांनी आहेत, आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्या. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधायला सुरुवात केली असं सांगतात. बेशरमचा प्रश्न आमच्याकडे खूप मोठा होता आणि त्यावर काम ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी, बायकांनी पुढे होऊन केलंय, पक्षीवाल्यांनी नाही. बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. काही पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या, काही तरंगत्या पानांच्या, काही काठावरच्या, तिन्ही प्रकार लागतात. कारण देशी मासे अंडी त्यातच घालतात, लपतात त्यातच. मासा परत आला आणि त्याच्या मागे पक्षी आले.

म्हणून काठावरचा दादा, बेशरम काढली की जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर तीच परत येते. आणि खंड्याला बसायला काय, चार वाळक्या काठ्या उथळ पाण्यात रोवा, दुसऱ्या दिवशी बसतो तो.

इकडे चैत्रात आलात तर नवेगावबांधला या, जंगल आणि तलाव एकत्र बघायला मिळतं. गोंदियात सारस आहेत, राज्यात आता जवळपास तेवढेच उरलेत. घरटं पावसाळ्यात धानाच्या बांधीत करतात, पण उन्हाळ्यात शेतं कोरडी झाली की तलावांवर गोळा होतात, म्हणून बघायला हा काळ बरा. लांबून बघा, शेतातून चालत जाऊ नका.

दुर्बीणवाला

चर्चा वाचून मी पण काल सकाळी चक्कर मारली. पाच गार्गेनी. ठीक आहे, कॅमेरा कपाटातून काढलाय.

एक भर घालतो. हातात १०x दुर्बीण घेऊ नका, हात हलतो, ८x४२ पुरते आणि उजेडही जास्त घेते. मर्लिन ॲपला आवाज ऐकवून नाव मिळतं पण ते अंदाज म्हणूनच घ्यायचं, पाणकणसात दोन-तीन पक्षी एकदम बोलत असले की काहीही सुचवतं. आणि कृपा करून स्पीकरवर आवाज लावून पक्षी बाहेर काढू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. ड्रोन पण नको, नदीसुरय सगळे एकदम उठतात आणि तेवढ्यात घारी अंडी उचलतात.

करंजपालवी

अजून एक राहिलं. या दिवसांत वाळलेलं पाणकणीस आणि काठाचं गवत पेटवून देतात, कुणी नवीन चाऱ्यासाठी, कुणी उगाच. त्यात रानमांजराची पिल्लं असू शकतात, भोरड्यांची झोपायची जागा तर जातेच. दिसलं तर वनविभागाची टोल फ्री हेल्पलाइन १९२६ आहे.

आणि 'सुशोभीकरण' शब्द ऐकू आला की सावध व्हा. गाळापेक्षा मला त्याचीच भीती जास्त. चारी बाजूंनी दगडी भिंत, लॉन, जॉगिंग ट्रॅक, रात्रभर दिवे, आणि देशी म्हणून लावतात काय तर गुलमोहर. तो मादागास्करचा आहे हो! झाडं लावायचीच असतील तर करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, आणि तीही ओढ्याच्या तोंडाशी. सपाट चिखलाच्या बाजूला एकही नको, तिथे उघडीच जमीन लागते टिटवीला.

काठावरचा

ग्रामपंचायतीत बोललो. सरपंच म्हणाले उथळ कोपरा सोडायला हरकत नाही, तिकडे तसाही मुरूम आहे. बेटाबद्दल इंजिनिअरला विचारू म्हणाले, बघू काय होतं. कामाच्या आधी टिटवीसाठी फिरायला मी तयार आहे पण एकट्याला सगळ्या जागा सापडतील असं वाटत नाही.

आणि हो, घाईत विचारतो, काठाच्या पाण्यात साप दिसला, पिवळसर अंगावर काळे चौकोनी ठिपके, डोकं वर काढून पोहत होता. उद्या त्याच बाजूला चिखलात उतरायचंय.

बांधावरून

दिवड आहे तो, विरोळा. बिनविषारी, मासे-बेडूक खातो. पाय पडला तर चावतो मात्र जोरात, रक्त येतं. काठी आपटत चाला आणि बूट घाला, कारण वरच्या गवतात घोणस असू शकते, ती वेगळी गोष्ट आहे, तिथे चेष्टा नाही.

टिटवीच्या जागा मला माहीत आहेत, रोज ओरडतात डोक्यावर. काम लागायच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला या, उशीर करू नका, साडेसातला मला मोटारीवर जायचं असतं. येताना बांबू तुम्ही आणा, दोरी आहे माझ्याकडे.